भास्कराचार्य सांगताना या चुका टाळा

चाळीसगाव तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयात भास्कराचार्यांवर बोलायला माणूस उभा राहिला की पहिली दहा मिनिटं ‘थोर’ आणि ‘महान’ यांतच जातात. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. माझं पहिलं व्याख्यान असंच वाया गेलं, आणि त्याची हळहळ अजून आहे.

आता मी थेट त्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातला बांबू काढतो. सपाट जमिनीवर ३२ हात उंच बांबू. वाऱ्याने मधेच मोडला आणि शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकला. सांग गणका, किती हातांवर मोडला? रावेर-यावलकडे वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागा ज्याने पाहिल्यात, त्याला हे चित्र उलगडून सांगावं लागत नाही. एकदा एका आजोबांनी काठीने मातीत त्रिकोण काढला आणि बोटांवर मोजू लागले. उत्तर १२ हात. मोडलेला भाग २० हातांचा. ते जमलं की लोक आपणहून विचारतात, हा माणूस कधीचा?

तेव्हाही नुसतं साल सांगून टाकू नका. आचार्यांनी आपलं जन्मसाल शब्दांत बांधलंय: ‘रसगुणपूर्णमही’. फळ्यावर लिहा, रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. आकडे उजवीकडून वाचायचे: शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ लिहिला, हेही त्याच श्लोकात आहे.

लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिची लग्नघटिका हुकली, ही गोष्ट इतिहास म्हणून सांगू नका. ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याच्या १५८७च्या फारसी भाषांतरातून आली. मूळ ग्रंथात ‘बाले लीलावती’ अशी हाक आहे, लग्न नाही. सातव्या शतकातला, आर्यभटीयावर भाष्य लिहिणारा भास्कर वेगळा, हेही एका वाक्यात सांगून टाका.

आपल्याकडची मोठी चूक म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणला बेधडक जन्मगाव ठरवणं. आचार्य स्वतः सह्याद्रीजवळच्या विज्जडविडाचं नाव घेतात, आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत वाद आहे. पाटणचा मान वेगळा आणि तेवढाच मोठा. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. १२०७च्या सुमाराचा शिलालेख तसं सांगतो. त्याच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, त्या मोठ्याने वाचा. त्यात ‘केणें’ हा शब्द येतो, म्हणजे विक्रीचा माल. पाटणच्या बाजारात उघडलेल्या मालावरचं राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला दिलं, असं तिथे कोरलंय.