डिजिटल पुरावा जप्तीतच बिघडतो: तपासात या चुका टाळा

जप्त केलेला मोबाइल आधी बंद करायचा आणि मग पाकिटात घालून सील लावायचं, ही सवय अजून सुटलेली नाही. तपासातली सगळ्यात महागडी चूक हीच. सुरू झाल्यानंतर एकदा अनलॉक झालेल्या फोनमध्ये एन्क्रिप्शनच्या किल्ल्या मेमरीत असतात. फोन बंद केला की त्या जातात आणि पासकोड मिळेपर्यंत बहुतेक डेटा कुलूपबंद राहतो. पासकोड आरोपी सांगेलच असं नाही.

म्हणून चालू फोन चालूच ठेवा. एअरप्लेन मोड लावा. पण वाय-फाय आणि ब्लूटूथ खरोखर बंद झालेत का, ते वेगळं बघा. नेटवर्क राहिलं तर फोन दुसरीकडून पुसता येतो. मग फॅराडे बॅग (सिग्नल अडवणारी पिशवी) आणि सोबत पॉवर बँक. आयफोन असेल तर घाई करा: आयओएस 18.1 पासून सुमारे तीन दिवस अनलॉक न झालेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो. लॅबमधली रांग त्याला कोण सांगणार?

‘जरा उघडून बघू’ हा मोहही टाळा. हार्ड डिस्क थेट जोडली की फायलींच्या वेळा बदलू शकतात. राईट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत घ्या, हॅश, म्हणजे डेटाचा डिजिटल ठसा काढा आणि काम प्रतीवर करा. एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) मात्र पुसलेले भाग वीज मिळताच आतल्या आत साफ करू शकते. तिथे राईट ब्लॉकरचं काही चालत नाही. तिची इमेज लवकर घ्या.

एकाच मोबाइलचं एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे डेटा बाहेर काढणं, दोनदा केलं आणि हॅश जुळला नाही, तर लगेच छेडछाडीचा संशय नको. चालू फोन सतत काहीतरी लिहीत असतो. एक्स्ट्रॅक्शनमधून मिळालेल्या फाइलचा हॅश नोंदवा.

वेळेचा घोळ नेहमीचा. डेटाबेसमधली वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असते. आपल्याकडे रात्री 2 वाजता आलेला मेसेज तिथे आदल्या दिवशी 20:30 चा दिसतो. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ तर कुठेही असतं. पंचनाम्यात त्याची वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी लिहा.

राहिलं प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत न्यायालयात देताना सोबत जोडायचं. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी जिंकले. त्यांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, हे दाखवायला हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा आधार घेतला. प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्यच, असं ठरवलं. या प्रकरणात मात्र, मागूनही ते मिळालं नाही म्हणून सूट दिली.

1 जुलै 2024 पासून या प्रमाणपत्राला भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. दुसरा तज्ज्ञाने भरायचा. हॅशच्या रकान्यात एमडी5 या हॅश-पद्धतीचा पर्याय आहे, तरी एसएचए256 ही पद्धत निवडा. एमडी5 चे दोष 2004 पासून जगजाहीर आहेत. डीव्हीआरचा मालक प्रमाणपत्रावर सही देत नसेल तर लेखी मागणी करा, पोच ठेवा आणि न्यायालयात अर्ज द्या.