भिंतीला मिटणारा पलंग घ्यायचा की नाही, हे असं ठरवा

जाहिरातीत एका हाताने पलंग वर जातो आणि खोली मोकळी होते. मग जो तो खोली मोजायचा सल्ला देतो. खोली मोजायला पाच मिनिटं लागतात. पलंग जमणार की नाही हे ठरतं भिंतीवर, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही.

तरी मोजमाप उरकून घ्या. उभा (लांबीच्या दिशेने वर जाऊन) मिटणारा पलंग उतरला की भिंतीपासून साधारण सव्वादोन मीटर पुढे येतो, त्यापुढे वावरायला निदान ६० सेंमी हवेत. जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि खोलीची, कपाटाची दारं उघडून बघा. मिटल्यावरही ४०-५० सेंमी जागा जातेच. टांगता दिवा वाटेत येत नाही ना, बघा. छत बुटकं असेल तर आडवा, म्हणजे लांब बाजू भिंतीला लागून मिटणारा घ्या, पण दोघांसाठी तो नको. भिंतीकडच्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं.

आता भिंत. पलंग अर्धा उतरलेला असतो, पाय टेकलेले नसतात, तेव्हा तो ज्या कपाटात मिटतो त्या अख्ख्या कपाटाला पुढे ओढत असतो. कपाट उंच आणि उथळ. त्याला मागे धरतात ते भिंतीतले बोल्टच. ‘कपाट जड आहे, हलणार नाही’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. २०२२ साली अमेरिकेत असे सुमारे १ लाख २९ हजार पलंग परत मागवले गेले, कारण ते भिंतीपासून सुटून माणसावर कोसळू शकत होते.

भिंत कशाची आहे हे ओळखताना मीही सुरुवातीला बराच चाचपडलो. टकटक करून काही कळत नाही. गिलावा घट्ट असला की पोकळ ब्लॉकही भरीव वाजतो. कपाटामागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीचं भोक पाडा आणि भुकटी बघा. पहिली करडी भुकटी गिलाव्याची, तिच्यावर विसंबू नका. नंतर लाल आली तर वीट. करडीच राहिली आणि ड्रिलचं बिट नेट लावूनही रेंगाळलं तर काँक्रीट. दोन्ही चालतील. फिकट, हलकी भुकटी आली आणि बिट लोण्यात शिरावं तसं गेलं, तर तो हलका ब्लॉक: त्यात बोल्टसाठी बसवायची साधी प्लास्टिकची गिट्टी जागच्या जागी फिरत राहते, त्याचे खास फास्टनर किंवा केमिकल अँकरच (भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेले बोल्ट) हवेत. बिट एकदम आत धसलं तर पोकळ ब्लॉक, तिथे जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर. नुसत्या जिप्सम बोर्डाला बोल्ट मारून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आतल्या भक्कम खांबांत पकड मिळत नसेल तर ती भिंत बाद.

बोल्टची लांबी ठरवताना गिलाव्याचे १५-२० मिमी धरूच नका, पकड त्याच्या पलीकडे सुरू होते. विटांच्या सांध्यात भोक नको. स्कर्टिंगमुळे कपाटामागे फट राहत असेल तर बोल्ट आवळून ती मिटवायला जाऊ नका, कपाट भिंतीला धरणारी पट्टी वाकते. स्कर्टिंग कापा किंवा मागे लाकडाची पट्टी भरा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वायर असू शकते, न्हाणीघराच्या भिंतीत पाइप. ओल असेल तर आधी ओल काढा. घर भाड्याचं असेल तर भोकांची परवानगी लेखी घ्या.

रोज झोपायला हवा असेल तर दोन आठवडे सकाळी अंथरूण उचलून जमीन मोकळी करून बघा. उशा आणि जाड रजई बहुतेक पलंगांत आत मावत नाहीत, त्यांना जागा शोधा. पलंगापुढे टेबल राहणार असेल तर ते रोज सरकवायला लागेल. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर सरळ सोफा-कम-बेड बघा.

गादी शेवटी नव्हे, ऑर्डरच्या आधी ठरवा. पलंग उचलून धरणारी स्प्रिंग किंवा गॅसचा पंप तिच्या वजनावर जुळवलेला असतो. गादी जड झाली तर पलंग धाडकन खाली येतो, हलकी झाली तर खाली टिकत नाही. जाडीलाही मर्यादा असते, बहुधा २५ सेंमीच्या आसपास. जुनीच वापरायची असेल तर ती वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा बनवणाऱ्याला कळवा.