तीन पत्ती येते म्हणून पोकर येत नाही: या चुका टाळा

गणपतीत आरती-भजन आटोपलं की आमच्या देवगडच्या घरी पडवीत चटई पडते आणि जागरणाला पत्ते निघतात. मेंढीकोट, रमी, मग तीन पत्ती. हल्ली मुंबईहून आलेली पोरं मोबाइलवर पोकर उघडून बसतात. तीन पत्तीत हात बसलेला, म्हणजे हेही जमेल असं त्यांना वाटतं, आणि नेमकी तीच सवय नडते.

आधी एक सांगतो. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि पोकर त्यातून सुटलेलं नाही. त्यामुळे खालचं सगळं फुकटच्या चिप्सवर शिकणाऱ्यांसाठी आहे. परदेशी साइटवर पैसे भर म्हणून कोणी सुचवलं, तर त्याचं ऐकू नका.

पोकरमध्ये प्रत्येकाला आपली दोन पानं मिळतात, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडतात आणि त्यांतून पाच पानांचा हात जमवायचा. पहिली चूक हातांच्या क्रमाची. गेल्या गणपतीत माझ्या आतेभावाकडे पाच ते नऊ असा सरळ सिक्वेन्स लागला. समोरच्याकडे किलवरचा कलर, म्हणजे पाचही पानं किलवरची. चिप्स समोरच्याकडे गेल्या तसा हा उठलाच, "अ‍ॅप गंडलंय!" अ‍ॅप बरोबर होतं. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. यामागे साधा हिशोब आहे. तीन पानांत सिक्वेन्स ७२० प्रकारे जमतो आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० प्रकारे येतो आणि कलर फक्त ५,१०८. जे कमी येतं ते वरचं. एक्का-दुरी-तिरीचंही तसंच: तीन पत्तीत तो मोठा सिक्वेन्स धरतात, पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान.

"ब्लाइंड" हा शब्दही फसवतो. तीन पत्तीत पान न बघता खेळलं तर चाल निम्म्यात पडते, म्हणून तिथे ब्लाइंड राहणं हा डावपेच आहे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी, एकाने लहान आणि एकाने मोठी, सक्तीने टाकायच्या चिप्स. त्या टाकल्या म्हणून डावात राहायलाच हवं असं अजिबात नाही.

दोन्ही पानं किलवरची आली की पोरं हरखतात. पण पहिल्या तीन उघड्या पानांतच कलर पूर्ण होणं साधारण ११८ डावांत एकदा घडतं. बहुतेक पानं टाकून द्यायची असतात, आणि कंटाळा येतो म्हणून खेळत राहणं हीच सगळ्यात महागडी सवय. बसायची जागाही बघा. पहिली तीन पानं उघडल्यावर डीलरच्या, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरचा शेवटी बोलतो, इतरांनी काय केलं ते त्याला आधी दिसतं. तिथून थोडी जास्त पानं खेळता येतात, पहिल्या जागेवरून नाही.

आता हिशोबाची गोष्ट, कारण इथे खेळ खरा शिकला जातो. समजा कलरला एक पान हवंय आणि शेवटचं पान उघडायचंय. ४६ न दिसलेल्या पानांत तुमच्या कामाची ९, म्हणजे साधारण २० टक्के. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ४०० चिप्स आहेत आणि समोरच्याने १०० लावल्या. तुम्ही १०० टाकल्या की पॉट ६०० होतो, त्यातला तुमचा वाटा १७ टक्क्यांच्या आत, म्हणजे कलर लागायच्या २० टक्क्यांपेक्षा कमी. खेळा. तेच त्याने ४०० लावल्या, तर १,२०० मधले ४०० तुमचे, ३३ टक्के. पान सोडून द्या. "लागलाच तर?" हा प्रश्न तीन पत्तीतला आहे.

फुकटच्या चिप्सची एक अडचण खरीच आहे: हरायला काही नाही म्हणून जो तो सगळं लावून मोकळा होतो, आणि आपण चुकीचं शिकतो. चार-पाच भावंडांचं खासगी टेबल काढा, प्रत्येकाला मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट चिप्स द्या, आणि ज्याच्या संपल्या तो त्या रात्री बाहेर. आमच्याकडे खेळ त्याच दिवशी सुधारला.

पावसात लाइट गेली, रेंज गेली की वेळ संपून अ‍ॅप पान टाकून देतं. परत आल्यावर ते भरून काढायला पुढचा डाव जोरात खेळू नका.

आणि वही ठेवा. निकाल नको, निर्णय लिहा. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर सगळं लावून शंभरात साधारण अठरा वेळा हरते. आतेभाऊ हरला तेव्हा त्याने वहीत "चूक" लिहिलं होतं. मी ते खोडून "बरोबर खेळलास" असं लिहून दिलं.