सोलर हीटरच्या कंट्रोल बॉक्सचा वीजपुरवठा कसा तोडावा

गोव्यात घर तापवावे लागत नाही. पण गच्चीवर सोलर हीटर, ढगाळ दिवसांसाठी त्याच्या टाकीत बसवलेली २ किलोवॅटची कॉइल, गरम पाणी नळापर्यंत फिरवणारा लहान पंप आणि हे सारे चालवणारा टायमर व थर्मोस्टॅट अशी जोडणी पुष्कळ घरांत असते. तिची दुरुस्ती करताना होणारी मुख्य चूक म्हणजे ‘बंद आहे’ आणि ‘पुरवठा तुटला आहे’ या दोन गोष्टी एकच समजणे. थर्मोस्टॅट बहुधा एकच तार तोडतो आणि पाणी निवले की ती स्वतःहून पुन्हा जोडतो, तेव्हा त्याच्या भरवशावर झाकण उघडू नये.

म्हणून कॉइल, पंप आणि टायमर या तिघांचाही पुरवठा फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या एकाच डबल पोल आयसोलेटरमधून घ्यावा. त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि त्यापुढे दोन वेगळ्या एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास आपोआप पडणारे स्विच) असाव्यात. २ किलोवॅटची कॉइल २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेते, त्यामुळे तिला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ अँपिअरची एमसीबी पुरते. कंट्रोलच्या बारीक तारांना मात्र तीच एमसीबी ठेवणे चूक आहे, कारण ती पडण्याआधी तार जळू शकते. तेथे ६ अँपिअरची एमसीबी किंवा त्याहून लहान फ्यूज हवा. ब्रिटनमध्ये घरगुती हीटिंगचे कंट्रोल ३ अँपिअरच्या फ्यूजवरून देण्याची रीत आहे, तीही याच कारणासाठी.

पावसात वीज वारंवार जाते आणि टायमरचे घड्याळ चुकते, म्हणून काही वायरमन टायमरची तार इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकतात. सोय चांगली, पण मग मेन स्विच पाडला तरी बॉक्समधील एक तार जिवंतच राहते, आणि ते बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. त्यापेक्षा बॅटरीवर वेळ राखणारा टायमर घ्यावा. इन्व्हर्टरची तार आधीच टाकलेली असेल, तर ती काढून घेईपर्यंत झाकणावर ठळक सूचना चिकटवावी.

काम सुरू करण्यापूर्वी आयसोलेटर पाडून त्याला कुलूप लावावे. मग मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर तपासून बॉक्समध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजावे व शेवटी मीटर पुन्हा त्याच सॉकेटवर तपासावा. खिशातला निऑन टेस्टर पेटला नाही, एवढा पुरावा पुरत नाही.

उन्हाळाभर न वापरलेली कॉइल जूनमध्ये प्रथम लावताच आरसीसीबी पडतो, अशी तक्रार नेहमीची आहे. कॉइलच्या नळीतील इन्सुलेशन दमट हवेतली ओल शोषते आणि थोडा प्रवाह अर्थकडे गळतो. कधी नळीलाच तडा गेलेला असतो. अशा वेळी आरसीसीबी वगळून थेट जोडणी करून देणारे महाभाग भेटतात, त्यांना परत पाठवावे. परवानाधारक वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) कॉइल तपासून घ्यावी, आणि त्याच फेरीत टाकीपासून अर्थच्या खड्ड्यापर्यंतची तार तुटली अथवा गंजली नाही ना, हेही पाहून घ्यावे. जांभ्या दगडाची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून त्या काळात खड्ड्यात पाणी घालत राहावे. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. त्यावर तो पडला नाही तर बदलेपर्यंत कॉइल लावू नये.