इटालियनमध्ये अभिवादन करताना

अनोळखी माणसाला ‘चाओ’ (भेटताना-निघतानाचं अनौपचारिक अभिवादन) म्हणू नका; हा शब्द मित्रांसाठी आणि घरच्यांसाठी. दुकानात शिरताच आधी ‘बुओनजोर्नो’ (शुभ दिवस) म्हणा, मगच काय हवं ते विचारा. न बोलता थेट मागणी केली तर ते उद्धट वाटतं. दुपार कलली की ‘बुओनासेरा’ (शुभ संध्याकाळ). ही वेळ गावागणिक बदलते, म्हणून समोरचा काय म्हणतो ते ऐका. ‘बुओनानोत्ते’ (शुभ रात्री) फक्त रात्री निरोप घेताना किंवा झोपताना.

खरी गफलत क्रियापदात होते. आदरार्थी ‘लेई’ला (म्हणजे ‘आपण’ला) क्रियापदाचं तृतीयपुरुषी एकवचनी रूप लागतं: ‘कोमे स्ता?’ (कसे आहात?) मित्राला मात्र ‘कोमे स्ताई?’ (कसा आहेस?) ‘बुओनजोर्नो’ म्हणून लगेच ‘स्ताई’ विचारलंत, तर आदर तिथेच निसटतो. वडीलधाऱ्यांनी ‘दियामोची देल तू’ (एकमेकांना ‘तू’ म्हणू या) म्हटल्यावरच एकेरीवर या. कोणतं अभिवादन करावं हे नक्की ठरत नसेल तेव्हा ‘साल्वे’ (नमस्कार) चालतं.