सयाजीराव महाराजांवर मुलांना बोलायचंय? आधी गावात एक चक्कर मारा

मार्च जवळ आला की बडोद्यातल्या मराठी घरांत एकच धावपळ सुरू होते. ११ मार्चला बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड महाराजांची जयंती, कुणाचं शाळेत भाषण तर कुणाचं मंडळात, आणि आई-बाबा आदल्या रात्री मोबाईलवरून दोन पानं उतरवून पोराच्या हातात देतात. पोरगं सकाळी उभं राहून "प्रजाहितदक्ष, दूरदर्शी, शिक्षणप्रेमी" असं धडाधड म्हणून खाली बसतं आणि यातला एकही शब्द त्याच्या डोक्यात राहत नाही. मी गेली काही वर्षं आमच्या दांडिया बाजारातल्या मुलांची तयारी करून घेते, त्यातून जे जमत गेलं ते इथे लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी जन्मापासून सुरुवात करायची नाही. गावात आजही चालू असलेली, महाराजांच्या वेळची एक गोष्ट मुलाला निवडायला सांगा आणि तिथून मागे मागे जा. मुलं मस्त निवडतात, विचारून बघा. आमच्याकडे एकीने बँक घेतली होती कारण तिच्या आजीचं पासबुक बँक ऑफ बडोदाचं, ती बँक महाराजांनी २० जुलै १९०८ ला काढली. एकाने नळाचं पाणी घेतलं, आजव्याचं तळं त्यांनी बांधवलं आणि गावाच्या काही भागात अजून तिथलंच पाणी येतं. दुसऱ्या एकाला सिनेमाचं वेड, तर त्याला कलाभवन दिलं, १८९० मधे सुरू झालेली ती हुन्नर आणि तंत्र शिकवणारी संस्था, दादासाहेब फाळके तिथे शिकलेत, हे ऐकल्यावर पोरगं स्वतःच पुढचं शोधायला लागलं. एकच गोष्ट घ्या बरं का. सगळं कोंबायला गेलात की परत ती यादीच होते.

मग तिथे जायचं, प्रत्यक्ष. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी माझी सगळ्यात आवडती, तिचं उदाहरण देते. आत जाऊन तिथल्या काकांना नीट विचारा की मुलांना पुस्तकांचे मजले बघायला मिळतील का. लोखंडी कपाटं आणि मधल्या मजल्यांची जमीन काचेची आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. मुलं ती काच बघून थबकतातच. तेव्हा सांगायचं की हे सगळं उभं करायला महाराजांनी १९१० मधे अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून आणलं, आणि नुसती शहरात लायब्ररी काढून थांबले नाहीत, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यात पाठवायची पद्धत सुरू केली, एका गावात वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला.

इथेच पोराला "का?" विचारायला लावा, कारण एवढी पुस्तकं खेड्यात वाचणार कोण? याचं उत्तर शाळेत आहे. १८९३ मधे महाराजांनी अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं, अमरेली तेव्हा बडोदा संस्थानात होतं, आणि ते जमतंय म्हटल्यावर १९०६ मधे सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलींनासुद्धा, आणि जे आईबाप मुलांना शाळेत पाठवायचे नाहीत त्यांना दंड. आता शाळेत शिकलेलं पोर परत शेतात गेलं आणि वाचायला काही मिळालं नाही तर दोन वर्षांत अक्षरं विसरणार, म्हणून ती पेटी. शाळा आणि लायब्ररी अशी एकमेकांत अडकलेली आहेत हे मुलाला स्वतःला सापडलं ना, की भाषण निम्मं झालं समजा. मग घरी येऊन आजी-आजोबांना विचारायचं की आपल्या घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेलं. एका मुलीच्या पणजीचं नाव असं निघालं, कुणालाच माहीत नव्हतं घरात.

सनावळी पाठ करून घेऊ नका, वय सांगा. १८६३ चा जन्म, नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं कवळाणे गाव, नाव गोपाळराव, शेतीवाडीचं साधं घर. इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ ला या मुलाला दत्तक घेतलं. तेव्हा तो १२ वर्षांचा. तुमचं पोर सातवीत असेल तर म्हणायचं, तुझ्याएवढा होता, गाव सुटलं, नाव बदललं, आणि धड अक्षरओळख नाही तिथपासून इलियट साहेब या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास सुरू. १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभार हातात आला तेव्हा १८ पूर्ण, म्हणजे बारावी झालेल्या ताईएवढा. हे ऐकून मुलं गप्प होतात, खरंच.

दत्तकाच्या वेळची ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तीन मुलांना विचारलं तुम्ही इथे कशाला आलात आणि गोपाळ म्हणाला, मी राज्य करायला आलोय. जरूर सांगा, मुलांना आवडते, फक्त "असं सांगतात" म्हणून सांगा आणि त्यावर भाषण संपवू नका. बारा वर्षांच्या मुलाने तेव्हा काय म्हटलं यापेक्षा पुढे १९३९ पर्यंत त्याने ते कसं निभावलं हे मोठं आहे, आणि हल्ली भाषणांत ती गोष्टच तीन मिनिटं चालते. दिल्ली दरबाराचंही तसंच. १९११ मधे पंचम जॉर्जपुढे महाराजांनी ठरल्यापेक्षा साधा मुजरा केला आणि वळून निघाले, त्यावरून इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी रान उठवलं, महाराजांना लेखी खुलासा करावा लागला, एवढं पुरे आहे. व्हॉट्सॲपवर यात काय काय तिखटमीठ घालून फिरतंय, तसं मुलाच्या तोंडी देऊ नका.

रावपुऱ्याचा टॉवर तर रोज रस्त्यात लागतो आपल्याला. तो चिमणाबाईंच्या आठवणीत बांधलाय, महाराजांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या, १८८० मधे लग्न झालं आणि १८८५ मधे त्या गेल्यासुद्धा. महाराज तेव्हा २२ वर्षांचे. पुढे त्यांची मोठी झालेली मुलंही त्यांच्या डोळ्यादेखत गेली, थोरले फत्तेसिंहराव १९०८ मधे, म्हणजे बघा बँक सुरू झाली तेच वर्ष. हे दुःख मुलांना सांगावं की नाही असा प्रश्न एका आईने मला विचारला होता. मी सांगते. पुतळ्यातला माणूस मुलांना माणूस वाटायला लागतो तो इथेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी हट्टी आहे. आंबेडकरांचा भाग गाळायचा नाही आणि अर्धाही सांगायचा नाही. अर्धा म्हणजे काय, तर महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेला पाठवलं, टाळ्या. ते खरंच आहे, १९१३ मधे, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि त्याआधी मुंबईत कॉलेजात असतानाही महाराजांचीच मदत होती. पण शिष्यवृत्तीच्या करारात ठरल्याप्रमाणे नोकरी करायला ते १९१७ मधे आपल्या बडोद्यात आले तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला या गावात राहायला कुणी खोली देईना. जात लपवून पारशांच्या धर्मशाळेत राहिले तर काठ्या घेऊन लोक दारात आले आणि हाकलून दिलं. मुंबईची गाडी रात्रीची, तोवर ते कमाटीबागेत बसून राहिले. हे सगळं आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय. महाराजांची इच्छा एका बाजूला आणि गावाचं वागणं दुसऱ्या बाजूला, हे मुलांना कळतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं. एका कार्यक्रमात आमच्या मुलीला "एवढं कशाला, आनंदाचा दिवस आहे" म्हणून तो परिच्छेद काढायला सांगितला होता. तिने काढला नाही, मला तिचं फार कौतुक वाटलं. तेव्हा कमाटीबागेत ते बसले होते त्या जागी, आता तिला संकल्पभूमी म्हणतात, मुलांना घेऊन जा, घाईघाईत नाही, दहा मिनिटं खाली बसवा.

तिथून निघालात की काला घोडा, म्हणजे महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, आणि गायकवाड घराण्याचं स्मारक असलेलं कीर्तिमंदिर हाकेच्या अंतरावर आहे, कीर्तिमंदिराच्या आत नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती आहेत, बघायला मिळाल्या तर नक्की बघा. लक्ष्मीविलास पॅलेस मात्र शेवटी ठेवा, दुसऱ्या दिवशी गेलात तरी चालेल. आधी पॅलेस दाखवला की मुलांच्या डोक्यात झुंबरं आणि तलवारीच राहतात, मग नळ आणि पेटी कुणाला दिसत नाही.

वहीत टिपताना एक काळजी घ्या. जुन्या पाट्यांवर कधी संवत असतं, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करा, आणि शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा, नाहीतर पोरगं स्टेजवर महाराजांना विसाव्या शतकाऐवजी भलतीकडेच नेऊन ठेवतं. नेटवरची कुठलीही तारीख निदान एका पुस्तकात सापडल्याशिवाय घेऊ नका, लायब्ररीत गेलाच आहात तर तिथेच विचारा.

लिहायचं मुलाने, आपण नाही. आपली बरीच मुलं गुजराती किंवा इंग्लिश मीडियमची, देवनागरी भराभर लिहिता येत नाही म्हणून रडकुंडीला येतात, तर गुजराती लिपीत मराठी लिहू दे, काही बिघडत नाही, बोलायचंय मराठीत ना. मधेच "पछी" आलं तरी लगेच टोकू नका, दोनदा म्हणून झालं की हळूच "मग" सुचवा. चार मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. पहिलं वाक्य त्याने बघितलेल्या गोष्टीचं असू दे, मागच्या वर्षीच्या मुलाने "मी काचेच्या जमिनीवर उभा होतो" असं सुरू केलं आणि मागे गप्पा मारणारे आजोबासुद्धा वळून बघायला लागले.

सराव करायला घरात गोंगाट होत असेल तर संध्याकाळी बागेत न्या, बाकावर तुम्ही बसा आणि त्याला समोर उभं करून बोलायला लावा, कागद तुमच्या हातात ठेवा. अडखळला की कागद दाखवू नका, नुसतं विचारा, "मग तिथे काय दिसलं तुला?"