लहानपणीचा स्टार ट्रेक आता मुलांना दाखवायचाय? मग असा दाखवा

रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचा हे ज्यांना आठवतंय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, शेजारची चार पोरं सतरंजीवर, सगळं इंग्लिशमधे त्यामुळे आम्हाला ओ की ठो कळायचं नाही, मग बाबा मागे खुर्चीत बसून दर दोन मिनिटांनी सांगायचे की आता कॅप्टन काय म्हणाला आणि तो टोकदार कानांचा माणूस चिडत का नाहीये. त्या टोकदार कानवाल्याचा, म्हणजे स्पॉकचा, शर्ट निळा आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

मी बोलतेय ती जुनी, पहिली सिरीयल, अंतराळातल्या जहाजातून ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्या लोकांची. १९६६ ते १९६९, तीन सीझन, ७९ एपिसोड. जीन रॉडनबेरीने तयार केलेली, विल्यम शॅटनर झालाय कॅप्टन कर्क, लिओनार्ड निमॉय झालाय स्पॉक आणि डिफॉरेस्ट केली डॉक्टर मॅकॉय. नंतरच्या सिरीयलींमधल्याही काही फार चांगल्या आहेत पण मुलांना दाखवायला मला हीच सगळ्यात जवळची वाटते, कारण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट ५० मिनिटांत सुरू होऊन संपते आणि मागचं काही माहीत असावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी माझी मुलगी (तेव्हा ९ची) आणि भाचा (तेव्हा ७चा) यांना घेऊन बसले आणि पहिलीच चूक केली ती म्हणजे एक नंबरपासून सुरुवात. अमेरिकेत सगळ्यात आधी दाखवलेला एपिसोड म्हणजे 'द मॅन ट्रॅप', त्यात माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा प्राणी आहे जो ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन येतो. भाचा रात्री आईला सोडेना. तेव्हा पहिली गोष्ट हीच की क्रमाने दाखवू नका. काहीच अडत नाही. चेकॉव्ह नावाचा जहाजावरचा तरुण अधिकारी दुसऱ्या सीझनमधे येतो एवढाच काय तो फरक मुलांच्या लक्षात येतो.

दुसरं म्हणजे आधी तुम्ही एकट्याने बघा. हे टाळू नका. आपल्या आठवणीत जे आहे आणि पडद्यावर जे आहे त्यात चाळीस वर्षांचं अंतर पडलंय. काही एपिसोड आठवणीपेक्षाही चांगले निघतात, काही आज मुलांसमोर लावता येणार नाहीत. 'द एनिमी विदिन'मधे कर्कची दोन रूपं होतात आणि वाईट कर्क एका बाईवर जबरदस्ती करू बघतो, ते मी घरी लावलेलंच नाही. शेवटचा एपिसोड 'टर्नअबाउट इंट्रूडर', त्यात बाईला कॅप्टन होता येत नाही असं सरळ येतं, तो सध्या बाजूला ठेवलाय, मुलगी मोठी झाल्यावर बघू आणि बोलू. मी शाळेच्या वहीत प्रत्येक एपिसोडसमोर तीन गोष्टी लिहिल्या, भीती किती, कोण मरतं, आणि बघून झाल्यावर बोलायला काय आहे. २०-२५ एपिसोडची अशी वही झाली की वर्षभराचा साठा होतो.

आता सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठाम आहे, 'द डेव्हिल इन द डार्क', पहिला सीझन, १९६७. आठ वर्षांच्या पुढच्या कुठल्याही मुलाला चालेल. एका ग्रहावर खाणी आहेत, जमिनीखाली बोगद्यांमधे काहीतरी आहे जे दगडातून असं जातं जसं आपण हवेतून जातो, आणि ते कामगारांना जाळून मारतंय. कर्क, स्पॉक मदतीला येतात. खाणीच्या मॅनेजरच्या टेबलावर एक गोल दगडी चेंडू शोभेला ठेवलाय, खाली असे हजारो सापडलेत. (मुलांना तो चेंडू दाखवू नका, बोट करू नका, त्यांना स्वतःला दिसू दे. माझ्या मुलीला अर्ध्यात कळलं आणि ती उठून उभीच राहिली.) तो राक्षस म्हणजे आई आहे आणि ते चेंडू तिची अंडी आहेत, कामगारांनी नकळत हजारो फोडलीत. स्पॉक तिच्याशी मनाने बोलतो तेव्हा कळतं की दर पन्नास हजार वर्षांनी ह्या हॉर्टा जातीतले सगळे मरतात, एकच उरते, ती पुढच्या सगळ्यांची आई.

इथे एक जागा आहे जिथे पॉज करायचं. जखमी हॉर्टा दगडावर जळत्या अक्षरांत तीन शब्द लिहिते, 'नो किल आय'. मोडकं इंग्लिश, त्यामुळे दोन अर्थ निघतात, मला मारू नका, किंवा मी मारणार नाही. कर्क आणि स्पॉक पण हेच बोलतात, पण त्यांनी बोलायच्या आत तुम्ही थांबवा आणि मुलांना विचारा की तिला काय म्हणायचं असेल. आमच्याकडे दोघांची दहा मिनिटं वादावादी झाली. मुलगी म्हणाली ती घाबरलीये, भाचा म्हणाला नाही ती प्रॉमिस करतेय. मी काही बोलले नाही, प्ले केलं. पूर्ण एपिसोडमधे एवढा एकच पॉज. दर पाच मिनिटांनी थांबवून समजावत बसलात तर मुलं उठून जातात.

मग भाषेचं काय? आमचा भाचा मराठी शाळेत आहे, सबटायटल इतक्या भरभर वाचता येत नाहीत. मी बाबांचीच पद्धत उचलली पण थोडी बदलून. सुरू करायच्या आधी दोन मिनिटं गोष्ट लावून द्यायची, कुठे आहेत, कशाला आलेत, एवढंच, शेवट नाही. आणि तीन माणसं ओळखीची करून द्यायची. स्पॉक सगळं हिशोबाने बघतो, डॉक्टरला आधी माणसाचं दुखणं दिसतं आणि कर्कला दोघांचं ऐकून निर्णय घ्यायचाय. हे एकदा कळलं की निम्मे डायलॉग न कळता पण भांडण कळतं. बाकी चालू असताना हळू आवाजात एखादं वाक्य सांगायचं, प्रत्येक शब्दाचं भाषांतर करायचं नाही. चेहरे खूप बोलतात, विशेषतः निमॉयचा, तो भुवई एवढीशी हलवतो आणि मुलं हसतात.

सहा-सात वर्षांचं मूल असेल तर मात्र 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'ने सुरू करा. ट्रिबल म्हणजे केसाळ गोळे, कुरकुर करतात, खातात आणि पिल्लं घालतात. कर्क धान्याच्या कोठाराचं दार उघडतो आणि शेकडो ट्रिबल त्याच्या डोक्यावर कोसळतात हा सीन आम्ही एका बैठकीत चार वेळा मागे घेऊन पाहिला. त्यात स्पॉक एक हिशोब सांगतो, एका ट्रिबलला एका वेळी सरासरी दहा पिल्लं, दर बारा तासांनी, तीन दिवसांत १७,७१,५६१. हे बघून झाल्यावर ज्वारीचा डबा घेऊन बसा. एक दाणा. बारा तासांनी तो एक आणि दहा पिल्लं, अकरा दाणे. मग प्रत्येकाची दहा, १२१. तिथपर्यंत खरंच मोजायचं, पुढे १३३१ म्हणजे तसे अकरा ढीग, ते अंदाजाने करा. मग १४,६४१, मग १,६१,०५१ आणि सहाव्यांदा स्पॉकचा आकडा. भाच्याला तेव्हा पाढे पण धड येत नव्हते पण डबा पुरणार नाही हे त्याला तिसऱ्या ढिगालाच समजलं आणि तो आजीला स्वयंपाकघरात सांगायला पळाला.

जुने इफेक्ट बघून मुलं हसतील का ही काळजी सगळ्यांनाच असते. हसतील. हसू द्या, आणि आधीच "जुनं आहे हं, समजून घ्या" असं बोलू नका, त्याने मुलं तेच शोधत बसतात. हॉर्टाच्या आत यानोश प्रोहास्का नावाचा स्टंटमन रांगत होता हे एपिसोड संपल्यावर सांगा, आधी नाही. आणि मग कसं केलं असेल ते शोधायचा खेळ करा, हा आमच्याकडे सिरीयलइतकाच आवडता झालाय. जहाजातली दारं आपोआप उघडतात ती पडद्यामागे माणसं हाताने ओढत होती. एका जागेहून दुसऱ्या जागी झगमगत जायचं ते ट्रान्सपोर्टर मुळात पैसे वाचवायला आलं, दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरलेलं दाखवणं परवडणारं नव्हतं. डॉक्टरची ऑपरेशनची काही हत्यारं म्हणजे मिठाच्या बाटल्या. माझी दोघं आता घरातल्या वस्तू बघून ठरवतात की हे जहाजात काय म्हणून चालेल, लसूण ठेचायचं यंत्र सध्या कम्युनिकेटर (त्यांचं लांबून बोलायचं यंत्र) आहे.

२००६ पासून ह्या सिरीयलची नव्याने साफ केलेली व्हर्जन आली, त्यात अंतराळातली दृश्यं कंप्युटरवर परत केलीत. ब्लू-रे वर दोन्ही निवडता येतात. मी जुनी लावते. नवीन वाईट नाहीत पण लाकूड-प्लास्टिकचं मॉडेल जहाज आणि पुठ्ठ्यासारखे दगड एका जगातले वाटतात, चकचकीत ग्रहाखाली तेच दगड मात्र उपरे दिसतात. मुलांना लहान पडद्यावर मोबाईलमधे दाखवू नका एवढं मात्र कळकळीने सांगते, शेजारी बसून एकाच पडद्याकडे बघण्यातच अर्धी मजा आहे.

पुढचा एपिसोड 'अरीना' घ्या. सरड्यासारखा हिरवा गॉर्न, कर्कला त्याच्याशी एकट्याने लढायला सोडलंय, हत्यार नाही. तो गंधक, सोरा, कोळसा गोळा करतो आणि बांबूची तोफ करतो. (घरी प्रयोग नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.) पण खरी गोष्ट त्यानंतर आहे, गॉर्न पडलाय आणि कर्क त्याला मारत नाही, कारण त्याला समजतं की माणसांची वसाहत गॉर्न लोकांच्या जागेत होती, ते कदाचित आपली जमीन वाचवत होते. हॉर्टानंतर लगेच हा पाहिला की मुलं स्वतः म्हणतात की परत तसंच झालं, तो पण वाईट नव्हता. मला ही सिरीयल मुलांना द्यायची आहे ती ह्याचसाठी, समोरचा का मारतोय हे विचारायची सवय.

दहा वर्षांच्या पुढे 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड' दाखवा. दोन माणसं, चेहरा अर्धा काळा अर्धा पांढरा, आणि एकमेकांचा जीव घ्यायला निघालेत. कर्क आणि स्पॉकला फरकच दिसत नाही, मग एक जण चिडून सांगतो की मी उजवीकडे काळा आहे आणि तो उजवीकडे पांढरा. १९६९च्या जानेवारीतला एपिसोड, अमेरिकेतल्या वर्णभेदावर सरळ बोट ठेवलेलं. माझ्या मुलीने संपल्यावर विचारलं की आपल्याकडे असं कशावरून करतात. त्या रात्री आम्ही जातीबद्दल पहिल्यांदा नीट बोललो, आडनाव विचारतात ते कशासाठी, पाण्याचे माठ वेगळे का असायचे. हा एपिसोड लावायचा असेल तर नंतरचा तासभर मोकळा ठेवा, झोपायच्या वेळेला लावू नका.

मुली असतील तर उहुराची, म्हणजे जहाजावरच्या कृष्णवर्णीय अधिकारी बाईची, गोष्ट सांगा. तिचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर सोडून जाणार होत्या, मार्टिन ल्यूथर किंगनी त्यांना भेटून थांबायला सांगितलं, ही गोष्ट निशेलनीच पुढे अनेकदा सांगितलीये. नंतर त्यांनी नासासाठी काम केलं, स्त्रिया आणि कृष्णवर्णीय लोकांनी अंतराळवीर व्हायला अर्ज करावेत म्हणून. आणि उहुराला बघत मोठी झालेली कृष्णवर्णीय अंतराळवीर मे जेमिसन १९९२ मधे खरोखर अंतराळात गेली. माझ्या मुलीने मे जेमिसनचा फोटो कपाटाला आतून चिकटवलाय.

तीन-चार एपिसोड झाले की पुढचा मुलांना निवडू द्या, तुमच्या वहीतल्या चालणाऱ्यांमधून. आमच्याकडे सलग तीन रविवार ट्रिबल्सच लागले, लागू दिले.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' मात्र मी राखून ठेवलाय. १९३०चं न्यूयॉर्क, आणि कर्कला जिच्यावर प्रेम आहे तिला वाचवता येत असून वाचवायचं नाही. लहानपणी हा चालू असताना बाबा एकदम गप्प झाले होते, शेवटची पाच मिनिटं त्यांनी काहीच सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मुलगी आता ११ची आहे, रोज विचारते. दिवाळीच्या सुट्टीत बाबा येतायत, तेव्हा लावीन.